स्तनाचा एमआरआय: गोदाकाठावरून पाहिलेला इतिहास

संत जनाबाईंचे जन्मस्थान म्हणून ओळखले जाणारे गोदाकाठचे गंगाखेड १९४८ पर्यंत हैदराबाद संस्थानात होते, आणि कर्करोगाच्या उपचारांचा येथील इतिहास हा प्रामुख्याने अंतराचा इतिहास आहे. मुंबईत टाटा स्मारक रुग्णालय १९४१ मध्ये उघडले तेव्हा ते परमुलखात होते. हैदराबादेत रेडियम संस्था १९५५ मध्ये निघाली, तर पुढच्याच वर्षी गंगाखेडसह मराठवाडा मुंबई राज्याला जोडला गेला आणि हैदराबाद परमुलखात गेले. आणि औरंगाबादेत शासकीय कर्करोग रुग्णालय सुरू व्हायला २०१२ साल उजाडले.

याच काळात एमआरआय, म्हणजे तीव्र चुंबकक्षेत्रात शरीरातील हायड्रोजनच्या केंद्रकांना रेडिओलहरींनी चेतवून त्यांच्याकडून परतणाऱ्या संकेतांपासून चित्र घडवण्याची पद्धत, १९७० च्या दशकात आकाराला आली. तीत क्ष-किरण नसतात. स्तनाच्या बाबतीत मात्र आरंभीची चित्रे निराशाजनक ठरली, कारण साधी गाठ आणि कर्करोगाची गाठ त्यांत बहुधा सारखीच दिसे. १९८० च्या दशकाच्या मध्यास जर्मनीत सिल्व्हिया हेवांग व त्यांच्या सहकाऱ्यांनी गॅडोलिनियम या धातूचे संयुग शिरेतून दिले, तेव्हा चित्र पालटले: वाढती गाठ स्वतःसाठी नव्या, गळक्या रक्तवाहिन्या निर्माण करते, त्यामुळे हे द्रव्य तेथे लवकर साचून ती उजळते. म्हणूनच कर्करोगाच्या शोधासाठी हे इंजेक्शन टाळता येत नाही. २००६ पासून गंभीर मूत्रपिंडविकार असलेल्या रुग्णांत त्याचा त्वचा व ऊती कठीण होण्याच्या दुर्मीळ व्याधीशी संबंध आढळू लागल्याने आधी रक्तातील क्रिएटिनिन, म्हणजे मूत्रपिंडाच्या कार्याचा निर्देशांक, तपासण्याची प्रथा पडली. गरोदरपणात हे इंजेक्शन सहसा देत नाहीत.

रुग्ण पालथी झोपते, स्तन खाचांतून खाली सुटे राहतात आणि अर्धापाऊण तास, यंत्राच्या ठोक्यांच्या गदारोळात, निश्चल राहावे लागते. पाळी सुरू असलेल्या वयात पाळीच्या सातव्या ते चौदाव्या दिवसांतली वेळ घेणे इष्ट, कारण एरवी निरोगी ऊतीही उजळतात. पेसमेकर वा शरीरातील धातूची माहिती आधीच द्यावी लागते. मंगळसूत्र आणि जोडवी उतरवण्याचा संकोच समजण्यासारखा आहे. सोने चुंबकाकडे ओढले जात नसले तरी त्याने चित्र बिघडते, आणि साडीची पिन तर ओढलीच जाते.

या तपासणीची ख्याती तिच्या कामापेक्षा मोठी झाली आहे. अमेरिकन कॅन्सर सोसायटीने २००७ मध्ये मॅमोग्राफीच्या जोडीने दरवर्षी एमआरआय सुचवला तो आनुवंशिक वा तत्सम मोठा धोका असलेल्या स्त्रियांसाठी, सरसकट नव्हे. टाटा रुग्णालयाने मुंबईच्या झोपडपट्ट्यांत १९९८ मध्ये सुरू केलेल्या, सुमारे दीड लाख स्त्रियांवरील चाचणीत प्रशिक्षित आरोग्यसेविकांनी दर दोन वर्षांनी केवळ हाताने स्तन तपासले. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार रोग लवकरच्या अवस्थेत सापडला आणि पन्नाशीपुढील स्त्रियांत मृत्यू जवळजवळ तीस टक्क्यांनी घटले, मात्र सर्व वयोगट मिळून दिसलेली घट संख्याशास्त्रीयदृष्ट्या निर्णायक नव्हती. तालुक्याच्या गावी हा निष्कर्ष कोणत्याही यंत्रापेक्षा अधिक उपयोगाचा ठरावा. एमआरआयमध्ये उजळलेला प्रत्येक ठिपका कर्करोग नसतो, आणि तो आहे की नाही हे शेवटी सुईने काढलेल्या तुकड्याच्या तपासणीवरच ठरते.