दोन वर्षांची मोजपट्टी

आज लढाई नाही, सेनापती नाही. आज एका नियतकालिकाची गोष्ट सांगतो. तुम्ही म्हणाल, फौजी माणसाचा त्याच्याशी काय संबंध? संबंध आहे. वायरलेस सेटची बॅटरी बसली की अख्खी चौकी मुकी होते, हे मी अनुभवलंय. त्या बॅटरीचं शास्त्र म्हणजे विद्युत-रसायनशास्त्र, आणि त्यातलं एक जुनं, मानाचं नियतकालिक म्हणजे 'जर्नल ऑफ द इलेक्ट्रोकेमिकल सोसायटी'.

ही सोसायटी १९०२ साली अमेरिकेत फिलाडेल्फियाला स्थापन झाली. थोर संशोधक एडिसनही तिचे सभासद होते. सुरुवातीला तिचे निबंध 'ट्रान्झॅक्शन्स' म्हणून निघत.

आता अशा नियतकालिकाचं वजन मोजायचं कसं? एका निबंधाचा उल्लेख दुसरा संशोधक आपल्या निबंधात करतो, त्याला सायटेशन म्हणतात. यूजीन गारफिल्ड यांनी १९५५ साली अशा उल्लेखांची सूची करण्याची कल्पना मांडली. त्यातून पुढे 'इम्पॅक्ट फॅक्टर' आला. त्याचा हिशेब सोपा आहे. मागच्या दोन वर्षांत छापलेल्या निबंधांचे यंदा किती उल्लेख झाले ते मोजायचं आणि त्याला त्या निबंधांच्या संख्येनं भागायचं. सूचीत कोणती नियतकालिकं घ्यावीत, हे ठरवायला हा आकडा होता. पुढे मात्र त्यावरून माणसांच्या नेमणुका आणि बढत्या ठरू लागल्या.

इथेच गडबड झाली. एक उदाहरण देतो.

१९९७ साली याच नियतकालिकात एक निबंध आला. लेखक तिघं: पाढी, नंजुंडस्वामी आणि टेक्सासचे प्राध्यापक जॉन गुडइनफ. पहिली दोन नावं वाचून आपली मान ताठ होते. त्यांनी लिथियम आयर्न फॉस्फेट हा पदार्थ बॅटरीच्या धन टोकासाठी सुचवला. त्यात महागडं कोबाल्ट नाही, आहे ते साधं लोखंड. पण त्यातून वीज सावकाश वाहायची, म्हणून लेखकांनीच तो कमी शक्तीच्या बॅटरीसाठी चांगला, असं म्हटलं होतं. पुढे इतरांनी कणांवर कार्बनचा थर दिला, कण बारीक केले आणि ती अडचण दूर केली. आज विजेवर धावणाऱ्या असंख्य बस आणि मोटारी याच रसायनावर चालतात. त्या निबंधाचे उल्लेख हजारोंच्या घरात गेले.

आता गणित पाहा. १९९७ चा निबंध इम्पॅक्ट फॅक्टरमध्ये धरला गेला फक्त १९९८ आणि १९९९ ला. त्यानंतरचे हजारो उल्लेख या हिशेबात शून्य!

लष्करातही वार्षिक गोपनीय अहवाल असतो. मी तो लिहिलाय आणि माझ्यावर लिहिलेलाही सोसलाय. अहवाल एका वर्षाचा; माणूस कसाला लागतो तो पुढे, कुठल्या तरी एका रात्री. म्हणून अहवाल टाकाऊ ठरत नाही, पण तोच माणूस नव्हे.

२०१२ साली सॅन फ्रान्सिस्कोत तयार झालेला जाहीरनामा हेच सांगतो: नियतकालिकाच्या आकड्यावरून एकेका संशोधकाची किंमत करू नका.

गुडइनफ यांना नोबेल मिळालं २०१९ साली, वयाच्या ९७ व्या वर्षी. तुमच्या घरात कुणी तरुण संशोधन करत असेल, तर 'इम्पॅक्ट फॅक्टर किती?' असं विचारण्याआधी विचारा, 'काय शोधतोयस?'

जय हिंद.