सामनच्या नद्या आणि गळवांचा रोग

फ्युरन्क्युलोसिस हे नाव गळू या अर्थाच्या लॅटिन शब्दावरून पडले असले, तरी ते काहीसे फसवे आहे. कारण माशाच्या अंगावर येणाऱ्या फुगवट्यात पू साठत नाही, तर आतले स्नायू विरघळून रक्तमिश्रित द्रव तयार होतो, आणि रोग तीव्र असेल तर असा फुगवटा उठण्यापूर्वीच मासा मरतो. 1894 मध्ये एमरिख आणि वायबेल या जर्मन संशोधकांनी बव्हेरियातील ट्राउटच्या पैदास केंद्रात या रोगाचा जिवाणू ओळखला, त्यामुळे आरंभी हा कोंडलेल्या माशांचाच रोग मानला जाणे स्वाभाविक होते.

1911 च्या कडक उन्हाळ्यात इंग्लंडमधील नद्यांत सामन व ट्राउट मरू लागले आणि जिवाणुशास्त्रज्ञ आर्कराइट यांनी त्या साथीचा अभ्यास केला, तेव्हा ही समजूत टिकण्यासारखी राहिली नाही. सामन (मराठीत ज्याला कधी कधी रावस म्हटले जाते, पण जो रावसाहून सर्वस्वी वेगळ्या कुळातला आहे) समुद्रात वाढून अंडी घालण्यासाठी नदीत परततो आणि पाणी आटलेले असताना पुढचा प्रवाह येईपर्यंत डोहांत गर्दीने थांबून राहतो. पाणी तापलेले आणि मासे दाटीत, ही स्थिती जिवाणूला फार अनुकूल ठरते. अशा वेळी मरणाऱ्या मादीबरोबर तिच्या पोटातली अंडीही जातात, म्हणून या रोगाची हानी केवळ मेलेल्या माशांच्या संख्येवरून मोजणे अपुरे आहे. वरून निरोगी दिसणारे काही मासे हा जिवाणू अंगात वागवतात, ही बाब तर आणखी गंभीर होती, कारण नदी समृद्ध करण्यासाठी बाहेरून आणून सोडलेला मासाच रोगाचा वाहक ठरू शकत होता. पश्चिम अमेरिकेतून युरोपात आणलेल्या इंद्रधनुषी ट्राउटवर, तो या रोगाला तुलनेने कमी बळी पडत असल्यामुळे, हा संशय विशेष घेतला गेला.

ब्रिटनमध्ये 1929 मध्ये नेमलेल्या फ्युरन्क्युलोसिस समितीने 1935 पर्यंत तीन अहवाल दिले, आणि त्यांतून 1937 चा मत्स्यरोग कायदा आला. त्याने सामन कुळातील जिवंत माशांची आयात बंद केली आणि बाधित क्षेत्र जाहीर करून तेथील माशांची ने-आण रोखण्याचा अधिकार शासनाला दिला. देशात येणाऱ्या माशांवर अशी बंदी असली, तरी 1985 मध्ये हाच रोग स्कॉटलंडहून नेलेल्या सामनच्या पिलांबरोबर नॉर्वेच्या मत्स्यशेतीत पोचला, तेथील पिंजऱ्यांतून निसटलेले मासे नद्यांत चढले, आणि 1992 अखेरपर्यंत 550 मत्स्यशेती केंद्रांबरोबरच 74 नद्यांमध्येही तो आढळला.