वसतिगृहांतील गुरु आणि शिष्य

आपल्यांपैकीं अनेकांनीं आपलीं मुलें बोर्डिंगांत धाडिलीं आहेत. घरापासून दूर असलेल्या मुलाशीं शिक्षकानें किती जवळीक ठेवावी, हा प्रश्न त्यांच्या मनांत आलाच असेल. त्याचें उत्तर प्रत्येक काळीं निराळें दिलें गेलें. तो इतिहास ज्युबिलीच्या या प्रसंगीं थोडक्यांत सांगण्याचें आम्हीं योजिलें आहे.

इ. स. १५९९ सालीं येशूसंघानें आपल्या विद्यालयांकरितां 'रात्सिओ स्तुदिओरुम' ही नियमावलि प्रसिद्ध केली. तींत खालच्या वर्गांच्या शिक्षकांस असा दंडक होता कीं, कोणा एका विद्यार्थ्याशीं इतरांहून अधिक सलगी करूं नये; वर्गाबाहेरचें बोलणें थोडें व गंभीर विषयावर असावें आणि तेंही उघड्या जागीं, म्हणजे वर्गाच्या दारापुढें, ओसरींत किंवा विद्यालयाच्या फाटकापाशीं व्हावें.

पुढें तूरिन येथें संत जॉन बॉस्को (१८१५–१८८८) यांनीं गरीब मुलांसाठीं चालविलेल्या घरांत निराळीच रीत दिसते. गुरूनें पटांगणांत मुलांच्या खेळांत मिसळावें, असा त्यांचा आग्रह. विवेक, धर्म व वात्सल्य या तीन आधारांवरील आपली पद्धति त्यांनीं १८७७ सालीं लिहून काढिली. १० मे १८८४ रोजीं रोमहून धाडिलेल्या पत्रांत तर त्यांनीं खेद केला कीं, शिक्षक खेळाच्या वेळीं आपसांतच बोलत फिरतात, आणि म्हणून मुलांचा विश्वास आटला आहे. मुलांवर प्रेम असून भागत नाहीं, तें मुलांना जाणवलें पाहिजे, हा त्या पत्राचा आशय.

परंतु पुढील काळांत या विश्वासाचा घातही झाला, हें लपवून आम्हांस चालणार नाहीं. धर्मसंघांनीं चालविलेल्या आयर्लंडांतील निवासी शाळांत मुलांवर वर्षानुवर्षें अत्याचार झाल्याचें २००९ सालच्या चौकशी-अहवालानें उघड केलें. आपल्या देशांत २०१२ चा पॉक्सो कायदा शिक्षणसंस्थेंतील माणसानें केलेला असा अपराध अधिक गंभीर मानितो, आणि माहीत असून न कळविणें हाही गुन्हा ठरवितो. पोप फ्रान्सिस यांनींही २०१९ सालीं असे अपराध वरिष्ठांस कळविण्याचें बंधन धर्मगुरु व व्रतस्थ यांवर घातलें.

सेमिनरींत असतांना दार उघडें ठेवण्याच्या नियमास आम्ही हंसत असूं. आज त्याचें मोल कळतें.

मग फाटकापाशींचें बोलणें खरें कीं पटांगणांतील खेळ? आमच्या मतें दोहोंत विरोध नाहीं. दोन्ही जागा सर्वांच्या दृष्टीपुढें आहेत. भयानें शिक्षकानें पटांगण सोडूं नये, आणि प्रेमाच्या नांवाखालीं दार लावून घेऊं नये. आणि आईबापांनो, सुट्टींत घरीं आलेलें मूल कांहीं सांगूं लागलें, तर गुरूच्या मानापायीं त्यास गप्प बसवूं नका. आधीं त्याचें ऐका.