बिरड्याचा रोजा

आखाड-श्रावणात आपल्या केळापूर तालुक्यात निंदणाची घाई असते, तरी आपले उपासतापास काही चुकत नाहीत. आज आम्ही याच दिवसांतल्या एका उपासाची गोष्ट आणली आहे. तो आहे कोकणातल्या ज्यू बायांचा.

रायगड जिल्ह्यात अलिबाग, पेण या भागात बेने इस्राएल लोक शेकडो वर्षं राहिले. नवगावच्या किनाऱ्याजवळ जहाज फुटलं, सात पुरुष आणि सात बाया वाचल्या, असं ते पिढ्यान्‌पिढ्या सांगत आले. बोली मराठी, आडनावं गावांची : दिवेकर, पेणकर, केहिमकर. धंदा तेलाच्या घाण्याचा. शनिवारी मात्र घाणा बंद. म्हणून गाव त्यांना 'शनवार तेली' म्हणे.

त्यांच्या पंचांगात 'आव' नावाचा महिना आहे. आपल्यासारखंच ते पंचांग चंद्र पाहून चालतं, अधिक महिनाही धरतं. आव आपल्या आषाढ-श्रावणात येतो. त्याची नववी तिथी शोकाची. जेरुसलेमचं त्यांचं मंदिर बाबिलोनच्या राजाने इ.स.पू. 586 मध्ये पाडलं. पुन्हा बांधलेलं मंदिर रोमन फौजेने इ.स. 70 मध्ये जाळलं. दोन्हींचं दुःख एकाच दिवशी, पाणीसुद्धा न घेता पाळतात.

कोकणात या उपासाला नाव पडलं 'बिरड्याचा रोजा', कारण तो सोडायचा वालाच्या बिरड्याने. हाईम सॅम्युएल केहिमकर यांनी आपल्या समाजाचा इतिहास लिहिला, तो 1937 मध्ये छापला गेला. त्यात या रोजाची नोंद आहे.

आता बघा, वाल रात्रभर भिजवायचे, फडक्यात बांधून मोड आणायचे, मग एकेक सोलायचा. हे काम ऐनवेळी होत नाही. म्हणजे तिथी कधी आहे, हे घरातल्या बाईला दोन दिवस आधी ठाऊक हवं. 'बिरड्याचा रोजा' हे नाव पोथीतलं नाही, चुलीपुढचं आहे. हजारो कोसांवरच्या मंदिराची आठवण बायांनी वाटीभर वालात जपली.

1948 नंतर यातली बरीच कुटुंबं इस्राएलला गेली. तिथे त्यांनी 'मायबोली' नावाचं मराठी नियतकालिकही चालवलं.

आपल्या आज्या कोणता उपास का करत, काय रांधत, हे कुठे लिहिलंय? आमच्या गटाने ठरवलंय : बचतीच्या वहीची मागची पानं त्यासाठी ठेवायची. म्हाताऱ्या आहेत, तोवर विचारून घेऊ. तुम्हीही विचारा, सख्यांनो.