लिबकर्ल : सुरक्षित जोडण्यांचे व्यवस्थापन

लिबकर्ल ही सी भाषेत लिहिलेली मुक्तस्रोत लायब्ररी आहे. यूआरएल दिला की त्या पत्त्यावरून माहिती आणणे किंवा तिकडे पाठवणे हे तिचे काम. कमांड लाइनवरचे ‘कर्ल’ हे साधन तिच्यावरच चालते. पीएचपीचे कर्ल एक्स्टेन्शन तिच्यावर बेतलेले आहे आणि गिट एचटीटीपीएसवरून कोड आणतो-नेतो तोही तिच्याच मदतीने. एचटीटीपीएस जोडणी सांभाळताना लिबकर्ल तीन गोष्टी करते : समोरच्या सर्व्हरची ओळख पटवून घेते, त्याच्याशी गुप्त किल्ली ठरवते आणि उभी राहिलेली जोडणी पुढच्या विनंत्यांसाठी राखून ठेवते. यांतले पहिले काम सर्वांत मोलाचे आहे आणि प्रोग्रामरच्या एका ओळीने सहज बंद पडणारेही तेच आहे. म्हणून या नोंदीत त्यावर अधिक भर दिला आहे.

इतिहास : स्वीडनचे प्रोग्रामर डॅनियल स्टेनबर्ग यांनी १९९६ मध्ये ‘एचटीटीपीगेट’ नावाच्या छोट्या प्रोग्रामवर काम सुरू केले. चॅटरूममधल्या बॉटला चलनांचे ताजे दर आणून द्यावेत, एवढाच तेव्हा हेतू होता. पुढे तो ‘यूआरएलगेट’ झाला आणि २० मार्च १९९८ रोजी ‘कर्ल’ या नावाने त्याची पहिली आवृत्ती निघाली. त्याच वर्षी ‘एसएसएलई’ या लायब्ररीच्या आधाराने त्यात सुरक्षित जोडण्यांची सोय आली. एरिक यंग आणि टिम हडसन यांची ही लायब्ररी १९९८ च्या अखेरीस ‘ओपनएसएसएल’ या नावाने पुढे चालू झाली. २००० मध्ये कर्लचा गाभा वेगळा काढून लिबकर्ल तयार झाली आणि इतर प्रोग्राममध्ये ती जोडता येऊ लागली. स्टेनबर्ग यांना या कामासाठी २०१७ मध्ये स्वीडनचा पोल्हेम पुरस्कार मिळाला.

हँडशेक : प्रोग्रामरच्या नजरेला चारच पायऱ्या दिसतात : हँडल तयार करणे, त्यावर पर्याय बसवणे, विनंती चालवणे आणि शेवटी हँडल मोकळे करणे. तिसऱ्या पायरीच्या पोटात मात्र बरेच काही घडते. आधी टीसीपी जोडणी होते. मग क्लायंट आपल्याला टीएलएस या एचटीटीपीएसमागील सुरक्षा-प्रोटोकॉलच्या कोणत्या आवृत्त्या व कोणते सायफर, म्हणजे एन्क्रिप्शनच्या पद्धती, चालतात हे कळवतो आणि कोणत्या नावाच्या साइटशी बोलायचे आहे तेही सांगतो. एकाच आयपी पत्त्यावर अनेक साइट असल्या तर सर्व्हर या नावावरूनच योग्य प्रमाणपत्र निवडतो. एचटीटीपीची कोणती आवृत्ती वापरायची तेही याच बोलणीत, म्हणजे हँडशेकमध्ये, ठरते. सर्व्हर आपले प्रमाणपत्र पाठवतो आणि त्याच्याशी जुळणारी खासगी किल्ली आपल्याकडे असल्याचे सहीने सिद्ध करतो. टीएलएस १.२ मध्ये पूर्ण हँडशेकला दोन फेऱ्या लागतात. ऑगस्ट २०१८ मध्ये प्रमाण म्हणून जाहीर झालेल्या टीएलएस १.३ मध्ये हे काम एका फेरीत होते, शिवाय प्रमाणपत्रही एन्क्रिप्ट होऊन जाते.

जुन्या आवृत्त्या टप्प्याटप्प्याने बाद झाल्या. ऑक्टोबर २०१४ मध्ये ‘पूडल’ हा हल्ला उघड झाल्यानंतर लिबकर्लने ७.३९.० या आवृत्तीपासून टीएलएसच्या आधीचे एसएसएल ३ डिफॉल्टने बंद केले. टीएलएस १.० आणि १.१ यांना इंटरनेटची प्रमाणे ठरवणाऱ्या संस्थेने २०२१ मध्ये निरोप दिला. जोडणीसाठी किमान कोणती आवृत्ती चालेल हे लिबकर्लमध्ये पर्यायाने ठरवता येते. नव्या कामासाठी ती १.२ च्या खाली ठेवण्याचे कारण उरलेले नाही.

ओळखीची पडताळणी : एन्क्रिप्शन झाले म्हणजे जोडणी सुरक्षित झाली, हा समज अपुरा आहे. लखोटा कितीही पक्का बंद केला तरी तो भलत्याच माणसाच्या हाती दिला तर गुपित राहत नाही. म्हणून लिबकर्ल दोन वेगळे प्रश्न विचारते. पहिला : हे प्रमाणपत्र आपल्या विश्वासातल्या प्रमाणन-संस्थेपर्यंत सह्यांच्या साखळीने पोहोचते का? हा ‘व्हेरिफायपीअर’ पर्याय. दुसरा : हे प्रमाणपत्र आपण ज्या नावाने हाक मारली त्याच साइटचे आहे का? हा ‘व्हेरिफायहोस्ट’ पर्याय. पहिलाच प्रश्न विचारून थांबले तर कोणीही आपल्या मालकीच्या डोमेनचे अस्सल प्रमाणपत्र दाखवून बँकेच्या जागी उभा राहू शकतो. दुसराच विचारला तर कोणीही बँकेच्या नावाचे प्रमाणपत्र घरी बनवून आणू शकतो. दोन्ही उत्तरे ‘हो’ आली तरच जोडणीला अर्थ आहे. ऑक्टोबर २००२ मध्ये आलेल्या ७.१० आवृत्तीपासून पडताळणी डिफॉल्टने चालू असते.

या दुसऱ्या पर्यायाच्या मांडणीतच एक सापळा होता. त्याच्या तीन किमती होत्या. शून्य म्हणजे नाव तपासू नका. एक म्हणजे प्रमाणपत्रात काहीतरी नाव आहे एवढे पाहा, ते जुळो न जुळो. दोन म्हणजे नाव जुळलेच पाहिजे. डिफॉल्ट किंमत दोन होती, म्हणजे काहीच न करणारा प्रोग्रामर सुरक्षित होता. काळजीपूर्वक काम करणारा मात्र ‘तपासणी चालू’ या हेतूने तिथे ‘ट्रू’ लिहून जाई. सी आणि पीएचपी या दोन्ही भाषांत ‘ट्रू’ची किंमत एक धरली जाते. त्यामुळे तपासणी पक्की करू पाहणाऱ्याच्या हातूनच ती निकामी होई. प्रोग्राम चाले, एरर येत नसे, चाचण्याही पास होत.

टेक्सास विद्यापीठ (ऑस्टिन) आणि स्टॅनफर्ड विद्यापीठ येथील संशोधकांनी २०१२ मध्ये ब्राउझरबाहेरच्या सॉफ्टवेअरमधील प्रमाणपत्र-पडताळणी तपासून एक शोधनिबंध प्रसिद्ध केला. ॲमेझॉन आणि पेपल यांच्या पीएचपी लायब्ररींमध्ये, म्हणजे थेट पैशांच्या व्यवहारात वापरल्या जाणाऱ्या कोडमध्ये, त्यांना हीच चूक आढळली. या निबंधाचा रोख प्रोग्रामरच्या निष्काळजीपणापेक्षा लायब्ररींच्या गोंधळात टाकणाऱ्या पर्यायांवर होता, आणि तो योग्यच होता. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये आलेल्या ७.२८.१ आवृत्तीत लिबकर्लने ‘एक’ ही किंमत नाकारून एरर द्यायला सुरुवात केली. २०१९ मधल्या ७.६६.० पासून ‘एक’ आणि ‘दोन’ यांचा अर्थ एकच झाला. आता ‘ट्रू’ लिहिणाऱ्याला त्याच्या मनात असते तेच मिळते.

विश्वासाचा साठा : साखळी तपासायची तर तिचे शेवटचे टोक, म्हणजे मूळ प्रमाणपत्र, आधीपासून आपल्याकडे असावे लागते. अशा मूळ प्रमाणपत्रांचा संच कर्ल प्रकल्प मोझिलाच्या यादीवरून तयार करून उपलब्ध करतो. ‘सीएइन्फो’ या पर्यायाने प्रोग्रामर स्वतःची फाइल देऊ शकतो आणि ७.७१.० पासून ऑपरेटिंग सिस्टीमचा स्वतःचा साठा वापरण्याचीही मुभा आहे.

कोणता साठा वापरला यावर कोणावर विश्वास टाकला हे ठरते. जुलै २०१४ मध्ये भारतातील नॅशनल इन्फॉरमॅटिक्स सेंटरच्या प्रमाणपत्र-यंत्रणेतून गूगलच्या काही डोमेनसाठी अनधिकृत प्रमाणपत्रे निघाल्याचे गूगलने उघड केले. त्या यंत्रणेला आधार देणारे, भारताच्या प्रमाणन-नियंत्रकांचे मूळ प्रमाणपत्र मायक्रोसॉफ्टच्या साठ्यात होते, मोझिलाच्या साठ्यात नव्हते. म्हणजे एकाच प्रमाणपत्राला विंडोजच्या साठ्यावर विसंबणारा प्रोग्राम मान्यता देऊ शकत होता आणि मोझिलाच्या यादीवर विसंबणारा नाकारत होता. ती प्रमाणपत्रे नंतर रद्द करण्यात आली.

साठा जुना झाला तरी अडचण येते. ३० सप्टेंबर २०२१ रोजी लेट्स एन्क्रिप्ट या प्रमाणन-संस्थेच्या साखळीला आधार देणारे एक जुने मूळ प्रमाणपत्र मुदतबाह्य झाले. सर्व्हरांची प्रमाणपत्रे दुसऱ्या, चालू मुळापर्यंतही पोहोचत होती, पण ओपनएसएसएल १.०.२ ही जुनी लायब्ररी सर्व्हरने पाठवलेल्या लांब साखळीमागे जाऊन मुदत संपलेल्या टोकाशी अडकत असे. साइट ठीक, तिचे प्रमाणपत्र ठीक, तरी जोडणी नाही, असा अनुभव त्या दिवशी अनेकांना आला. लायब्ररी आणि साठा दोन्ही अद्ययावत ठेवणे हा त्यावरचा खरा उपाय.

बॅकएंड : लिबकर्ल एन्क्रिप्शन स्वतः करत नाही. ते काम ती ओपनएसएसएल, ग्नूटीएलएस, वुल्फएसएसएल, एम्बेडटीएलएस किंवा विंडोजमधील एसचॅनेल अशा एखाद्या टीएलएस लायब्ररीवर सोपवते. २०१७ मधल्या ७.५६.० पासून एकाच बांधणीत अनेक बॅकएंड ठेवून प्रोग्राम सुरू होताना त्यांतला एक निवडता येतो. वरचे पर्याय तेच राहतात, त्यामुळे प्रोग्राम एका मंचावरून दुसऱ्यावर नेणे सोपे जाते.

मात्र बॅकएंडचे दोषही वारशाने येतात. फेब्रुवारी २०१४ मध्ये ॲपलच्या सिक्युअर ट्रान्सपोर्ट या टीएलएस लायब्ररीमध्ये ‘गोटू फेल’ ही ओळ चुकून दोनदा लिहिली गेल्याचे समोर आले. दुसरी ओळ कोणत्याही अटीखाली नव्हती, त्यामुळे सर्व्हरची सही तपासणारा भाग ओलांडूनच कोड पुढे जाई आणि निकाल ‘यशस्वी’ असा लागे. त्याच वर्षी एप्रिलमध्ये ओपनएसएसएलमधील ‘हार्टब्लीड’ हा दोष उघड झाला. त्यामुळे मेमरीतील मजकूर बाहेर झिरपत होता आणि धोका सर्व्हरइतकाच क्लायंटलाही होता. लिबकर्ल नवी ठेवली पण खालची टीएलएस लायब्ररी जुनीच राहिली, तर निम्मेच काम झाले.

जोडण्यांचा पुनर्वापर : दर विनंतीला नवा हँडशेक करणे वेळखाऊ असते. म्हणून लिबकर्ल झालेली जोडणी हँडलमधल्या साठ्यात राखून ठेवते आणि त्याच सर्व्हरकडे पुढची विनंती आली की तीच वापरते. साध्या हँडलमध्ये डिफॉल्टने पाच जोडण्या राखल्या जातात आणि ११८ सेकंदांहून अधिक काळ रिकामी पडलेली जोडणी पुन्हा वापरली जात नाही. जोडणी तुटली असली तरी आधीच्या सत्राची खूण दाखवून हँडशेक आखूड करता येतो. प्रत्येक विनंतीला नवे हँडल तयार करून लगेच मोडण्याची सवय असेल तर हा सगळा फायदा हातचा जातो. अनेक विनंत्या एकत्र चालवायच्या तर ‘मल्टी’ हँडलमध्ये त्या समान साठा वापरतात. एकच हँडल दोन थ्रेडनी एकाच वेळी मात्र वापरायचे नसते.

पुनर्वापरात सुरक्षेचा एक नाजूक भाग आहे : जुनी जोडणी नव्या विनंतीला देताना दोन्हींच्या सुरक्षा-अटी सारख्याच हव्यात. काही सर्व्हर क्लायंटकडूनही प्रमाणपत्र मागतात. ऑगस्ट २०१६ पूर्वी जोडणी निवडताना लिबकर्ल क्लायंटचे प्रमाणपत्र विचारात घेत नव्हती, त्यामुळे एका ओळखीने उघडलेल्या जोडणीवरून दुसऱ्या ओळखीची विनंती जाण्याचा धोका होता. ७.५०.१ मध्ये हा दोष दुरुस्त झाला. वेग वाढवणारी प्रत्येक सोय ‘ही जोडणी नेमकी कोणाची’ हा प्रश्न विचारूनच द्यावी लागते, हा त्यातला धडा.

रीडायरेक्ट : सर्व्हरने दुसरा पत्ता दिला तर लिबकर्ल आपणहून तिकडे जात नाही, तशी परवानगी द्यावी लागते. परवानगी दिल्यावर मात्र एचटीटीपीएसवरून साध्या एचटीटीपीवरही जाता येते. ते टाळायचे तर रीडायरेक्टसाठी फक्त एचटीटीपीएस चालेल असे पर्यायाने बजावावे. पूर्वी प्रोग्रामरने हाताने जोडलेला ‘ऑथरायझेशन’ हेडर रीडायरेक्टनंतर दुसऱ्या होस्टकडेही जात असे. जानेवारी २०१८ मधल्या ७.५८.० पासून तो तसा जात नाही.

एरर व निदान : सुरक्षित जोडणी फसली की लिबकर्ल ठरावीक क्रमांक देते. ३५ म्हणजे हँडशेकच जमला नाही. आवृत्ती किंवा सायफर जुळत नसणे हे त्याचे नेहमीचे कारण. ६० म्हणजे सर्व्हरची ओळख पटली नाही. ७७ म्हणजे मूळ प्रमाणपत्रांची फाइल वाचता आली नाही. क्रमांकासोबत एरर-बफरमधला मजकूर नोंदवून ठेवला तर निम्मा शोध तिथेच संपतो. ‘व्हर्बोज’ पर्याय चालू केला की हँडशेकचे टप्पे, ठरलेली टीएलएस आवृत्ती आणि प्रमाणपत्राचा तपशील दिसतो.

६० हा क्रमांक आला की इंटरनेटवर पहिला सल्ला मिळतो तो दोन्ही पडताळण्या शून्य करण्याचा, किंवा कमांड लाइनवर ‘-के’ लावण्याचा. त्याने एरर जातो आणि त्याच्यासोबत सुरक्षाही जाते. मध्येच बसून मजकूर वाचणाऱ्याला त्यानंतर कसलाच अडथळा राहत नाही. चाचणीपुरता म्हणून टाकलेली ही ओळ ग्राहकांपर्यंत पोहोचली तरी कोणाच्या लक्षात येत नाही, कारण ती काहीही बिघडवत नाही. खरे उपाय वेगळे आहेत आणि अवघडही नाहीत. सर्व्हर साखळीतले मधले प्रमाणपत्र पाठवत नसेल तर त्याची मांडणी दुरुस्त करावी. साठा जुना असेल तर नवा आणावा. संस्थेचा अंतर्गत सर्व्हर असेल तर संस्थेचे मूळ प्रमाणपत्र ‘सीएइन्फो’मधून द्यावे. आयपी पत्त्याने हाक मारल्यामुळे नाव जुळत नसेल तर प्रमाणपत्रातले नाव वापरावे.

सार्वजनिक प्रमाणपत्रांची मुदत सतत आखूड होत आहे. सप्टेंबर २०२० पासून ती जास्तीत जास्त ३९८ दिवस झाली, आणि प्रमाणन-संस्था व ब्राउझर-निर्माते यांच्या मंचाने २०२५ मध्ये मंजूर केलेल्या वेळापत्रकानुसार मार्च २०२९ पासून ती ४७ दिवसांवर येईल. त्यामुळे किल्ल्याही वारंवार बदलू शकतात. सर्व्हरची सार्वजनिक किल्लीच क्लायंटमध्ये कोरून ठेवण्याची ‘पिनिंग’ची सोय लिबकर्लमध्ये ७.३९.० पासून आहे, पण ती वापरणाऱ्याने पर्यायी किल्लीही नोंदवून ठेवणे अत्यावश्यक आहे, नाहीतर किल्ली बदलताच आपलाच क्लायंट बाहेर अडकतो.

लिबकर्लच्या दोन दशकांहून अधिक वाटचालीतून लायब्ररी लिहिणाऱ्यांनी घ्यावे असे एक तत्त्व स्पष्ट दिसते : ज्याने काहीच ठरवले नाही त्याला सुरक्षित जोडणी मिळाली पाहिजे, आणि ज्याने चुकीचे ठरवले त्याला ते ताबडतोब कळले पाहिजे. वापरणाऱ्याची जबाबदारी त्याहून सोपी आहे. पडताळणीचे दोन्ही पर्याय जसे आहेत तसेच राहू द्यावेत, आणि एरर आला तर ते बंद न करता कारण शोधावे. त्या पडताळणीच्या भरवशावर कोणीतरी आपला पासवर्ड आणि पैसे पाठवत असतो.