बाबांचा कोपऱ्यातला उंट

मागच्या दिवाळीच्या सुट्टीत नातू शेगावला आला तो तोंड पाडूनच. शाळकरी मुलांच्या स्पर्धेत सहापैकी चार डाव हरला होता. "आबा, मी आता बुद्धिबळ खेळणार नाही," म्हणाला. वय वर्षे अकरा. जुलै २०२५ मध्ये आपल्या नागपूरच्या दिव्या देशमुखने बाटुमीला हंपीला हरवून महिलांचा विश्वचषक जिंकला, तेव्हा हाच पोरगा घरभर नाचला होता. चार महिन्यांत ही अवस्था!

त्याची वही उघडली. ओपनिंगची ही भली मोठी यादी! इटालियन, स्पॅनिश, सिसिलियन, फ्रेंच, स्लाव्ह, लंडन... पंधरा-सोळा नावे, आणि प्रत्येकाखाली दहा-बारा खेळ्या पाठ केलेल्या. समोरच्याने पाचवी खेळी वहीबाहेरची केली की स्वारी गडबडलीच. पस्तीस वर्षे मास्तरकी केली, त्यामुळे हा रोग ओळखीचा आहे. गाइड तोंडपाठ, धडा मात्र वाचलेलाच नाही.

आमच्या बाबांना ओपनिंग हा शब्दच माहीत नव्हता. संध्याकाळी ओट्यावर पट मांडला की पहिला अर्धा तास काही घडायचेच नाही. आपल्याकडच्या जुन्या नियमांत प्यादे पहिल्या खेळीतही साधारणपणे एकच घर सरकायचे. किल्लेकोट नव्हता, त्याऐवजी राजाला एकदा घोड्यासारखी उडी घेता यायची, तीही शह बसण्यापूर्वी. प्यादे शेवटच्या घरात पोचले की ज्या मोहऱ्याचे ते घर, तेच मोहरे व्हायचे. त्यामुळे दोन्ही फौजा आपापल्या मुलखात निवांत तळ ठोकायच्या. घाई कसली? सत्यजित राय यांच्या 'शतरंज के खिलाडी'त (१९७७) इंग्रजी नियमांची गंमत आहे, ती पाहताना मला आमचा ओटाच आठवतो.

या निवांतपणाची शिक्षा मी भोगली आहे. १९७२, दुष्काळाचे वर्ष, मी बी.ए.ला. कॉलेजांच्या स्पर्धेत पहिल्यांदाच परक्या मुलासमोर बसलो. त्याने राजा दोन घरे उचलला आणि हत्ती त्याच्यावरून पलीकडे ठेवला. मी उठून पंचांकडे तक्रार केली की हा लबाडी करतोय! सगळे हसले. चौदाव्या खेळीला मात झाली. घरी येऊन बाबांना म्हणालो, "तुम्ही शिकवलेला खेळ खोटा आहे." ते काहीच बोलले नाहीत. पुढे आम्ही दोघे फारसे खेळलो नाही. असो.

इतिहासाचा मास्तर असल्याने नंतर वाचत गेलो. १८१४ साली मुंबईत बुद्धिबळावर एक इंग्रजी पुस्तक छापले गेले. तिरुवेंगडाचार्य शास्त्रींच्या संस्कृत ग्रंथाचा तो अनुवाद. त्यात भर आहे तो अडचणीच्या स्थितींवर, मात कशी करायची यावर. म्हणजे आपल्या लोकांची हुशारी डावाच्या शेवटाकडे लागलेली. सुरुवात ज्याची त्याने करावी.

पण खरी गोष्ट पुढे आहे. १८५० च्या सुमारास कोलकात्यात जॉन कॉक्रन नावाचे स्कॉटिश बॅरिस्टर महेशचंद्र बॅनर्जी यांच्याशी शेकडो डाव खेळले. महेशचंद्र जुन्या सवयीने घोड्यापुढचे प्यादे एक घर सरकवत आणि उंट त्या मोकळ्या घरात बसवून पटाच्या लांबच लांब कर्णावर नजर ठेवत. मध्यभाग समोरच्याला घेऊ देत, मग त्यावर तुटून पडत. युरोपात तेव्हा हे विचित्र वाटे. १९२० नंतर तिथल्याच पंडितांनी ही रीत उचलून धरली. आज जगभर तिला 'किंग्ज इंडियन' म्हणतात.

दुसरे उदाहरण मीर सुलतान खान यांचे. पंजाबातला हा माणूस देशी नियमांवर वाढला. १९२९ मध्ये लंडनला गेला तेव्हा ओपनिंगच्या ज्ञानात अगदी कच्चा. विंटर आणि येट्स या खेळाडूंनी त्याला थोडेफार शिकवले, आणि त्याच वर्षी तो ब्रिटिश विजेता झाला; १९३२ आणि १९३३ मध्ये पुन्हा. हेस्टिंग्जला कापाब्लांकालाही हरवले. सुरुवातीला मार खायचा, पण मधल्या आणि शेवटच्या खेळात भरून काढायचा. २०२४ मध्ये त्याला मरणोत्तर मानद ग्रँडमास्टर किताब मिळाला. जिवंतपणी मिळाला असता तर? (तो १९६६ मध्ये गेला.)

मग नातवाची वही बाजूला ठेवली आणि तीनच गोष्टी ठरवल्या. पांढरी असतील तर इटालियन: राजाचे प्यादे, घोडा, उंट, लगेच किल्लेकोट. काळी असतील आणि समोरच्याने राजाचे प्यादे पुढे केले तर कारो-कान: आधी वजिराच्या बाजूच्या उंटापुढचे प्यादे एक घर, मग त्याच्या आधाराने वजिराचे प्यादे मध्यभागी. वजिराच्या प्याद्याला उत्तर किंग्ज इंडियन. अट एकच, प्रत्येक खेळीपुढे 'का' ते एका वाक्यात लिहायचे. "हत्ती इथे का?" "सरांनी सांगितलं" हे उत्तर चालणार नाही. पहिले दोन दिवस रडारड झाली. तिसऱ्या दिवशी मंदिरातून परतताना कचोरी घेतली, तेव्हा कुठे गाडी रुळावर आली.

चौथ्या दिवशी तो काळी घेऊन बसला. घोड्यापुढचे प्यादे एक घर. उंट कोपऱ्याजवळ. वजिराचे प्यादे एकच घर. मी पटाकडे बघतच राहिलो. ही तर आमच्या बाबांची मांडणी! हेच प्यादे, हाच उंट, पन्नास वर्षांपूर्वी ओट्यावर पाहिलेला. फरक इतकाच की नातवाने पुढच्या खेळीला किल्लेकोट केला.

"आबा, खेळा ना," तो म्हणाला. मी म्हटले, "थांब, चष्मा पुसतो."

परवा रविवारी फोन आला. "आबा, उंट बसवला, पण किल्लेकोट करायचा विसरलो."

"मग?"

"हरलो. पुढच्या रविवारी परत आहे स्पर्धा. तोवर फोनवर खेळाल का माझ्याशी?"