मनाचं औषध, हृदयाचा ठोका

मंडळी, आज आपण वर्ध्यात बसून एका गोळीचा इतिहास पाहू. १९५२ साली पॅरिसमध्ये क्लोरप्रोमाझिन मनोरुग्णांना दिलं गेलं आणि मनोरुग्णालयांचं चित्र पालटलं. मग थायोरिडाझिन आलं. त्याने हात कमी थरथरायचे, अंग कमी आखडायचं; म्हणून ते सौम्य समजलं गेलं. पण १९६३ सालीच कॅनडातल्या डॉक्टरांनी ते घेणाऱ्यांच्या ईसीजीतले बदल आणि दोन मृत्यू नोंदवले. ठोक्यानंतर हृदयाला पुन्हा सज्ज व्हायला जास्त वेळ लागत होता. हा वेळ फार लांबला की लय बिघडू शकते, माणूस कोसळतो.

आपलं सेवाग्रामचं वैद्यकीय महाविद्यालय निघालं १९६९ ला; इशारा त्याच्याही आधीचा! तरी मूळ कंपनीने गोळी जगभरातून मागे घेतली २००५ मध्ये. म्हणजे ४२ वर्षं गेली.

आजच्या औषधांतही हा धोका कमीजास्त असतो. रक्तातलं पोटॅशियम घटलं किंवा काही अँटिबायोटिक्स सोबत घेतली, तर तो वाढतो. म्हणून काय, गोळी आपल्या मनाने बंद करायची? नाही, आजार उलटतो. चक्कर, धडधड, शुद्ध हरपणं लगेच सांगायचं. आणि डॉक्टरांना विचारायचं, "ईसीजी काढायचा का?"